कॅरेक्टर डेव्हलपमेंट 'भारी' आहे म्हणजे नक्की काय? ॲनिमे बघताना पात्राची वाढ कशी तपासायची

व्हिनलँड सागा या ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचा, दुसरा सीझन मी तिसऱ्या एपिसोडला सोडून दिला होता. पहिला सीझन २०१९ चा, २४ एपिसोड, एकेका बैठकीत चार-चार संपवलेले, वायकिंग लोकांची जहाजं, लंडनच्या पुलावरचा तो डोंगराएवढा थॉर्केल, आणि खंजीर घेऊन वाऱ्यासारखा पळणारा थॉर्फिन. मग २०२३ ला दुसरा सीझन आला आणि बघतो तर तोच थॉर्फिन डेन्मार्कमधल्या कुणाच्या तरी शेतावर गुलाम, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही, आणि दिवसभर काय करतोय तर जंगल साफ करतोय, झाडांचे बुंधे उपटतोय. मावसभावाला मेसेज टाकला, "हे काय 'आमची माती आमची माणसं' लावलंय यांनी?" त्याचं उत्तर आलं, "गप बघ. दहा एपिसोड झाल्यावर बोल."

मी काही बघितलं नाही. पाच-सहा महिन्यांनी गावाला गेलो होतो, नेट कसंबसं चालत होतं, डाउनलोड केलेलं तेवढंच होतं म्हणून पुन्हा लावला. आजोबा शेजारी बाजेवर बसलेले, बुंधा उपटायचा सीन चालू होता, ते दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "कडेची मुळं तोडल्याशिवाय नाही हलायचं ते." आणि खरंच, पुढे ती पोरं मुळंच तोडत बसतात. नवव्या एपिसोडला मी रात्री दीड वाजता अंथरुणात उठून बसलो होतो.

तेव्हापासून एक वही केलीये. कुठलंही पात्र आवडलं, किंवा कुणी म्हणालं की 'अरे काय डेव्हलपमेंट आहे त्याची', की त्या पात्राचं एक पान करायचं आणि बघायचं की खरंच काही बदललंय का नुसते केस बदललेत. ती पद्धत खाली सांगतो. ज्यांना स्वतः कथा किंवा कॉमिक लिहायचंय त्यांना हीच पद्धत उलटीकडून वापरता येते, ते जाता जाता सांगेन. स्पॉयलर भरपूर आहेत: व्हिनलँड सागाचे दोन्ही सीझन, हायक्यू तिसऱ्या सीझनपर्यंत, फुलमेटल अल्केमिस्ट ब्रदरहूड शेवटापर्यंत, फ्रीरेनचे सुरुवातीचे एपिसोड, डेथ नोटचा मधला भाग, आणि शेवटी थोडं अटॅक ऑन टायटन. बघायचं असेल तर आधी बघून या, लेख कुठे पळून जात नाही.

पायरी १: पहिला फोटो काढून ठेवा

पहिल्या दोन-तीन एपिसोडमध्ये पात्र काय करतं ते तीन ओळींत लिहायचं. नियम एकच, विशेषणं लिहायची नाहीत, फक्त क्रिया लिहायच्या. 'थॉर्फिन रागीट आहे' असं नाही लिहायचं, कारण रागीट म्हणजे काहीही असू शकतं, आमचे शेजारचे काकाही रागीट आहेत. लिहायचं असं: ज्याने बाप मारला त्या आस्केलाडच्याच टोळीत राहतो, त्याची कामं करतो, बदल्यात द्वंद्व मागतो, दर वेळी हरतो, पुन्हा त्याच्याच मागे जातो. झालं. यात त्याची सगळी कुंडली आली, आणि मुख्य म्हणजे पुढे तपासता येईल अशी गोष्ट हातात आली. विशेषण तपासता येत नाही, क्रिया तपासता येते.

बरेच लोक ही पायरी गाळतात आणि मग ४० एपिसोडनंतर 'तो किती बदलला ना' म्हणतात, पण आधी कसा होता ते विचारलं की 'म्हणजे... वेगळाच होता रे' यापुढे गाडी जात नाही.

पायरी २: त्याच्या डोक्यात चुकीचं काय बसलंय?

चांगल्या पात्राच्या डोक्यात सुरुवातीला एक चुकीची समजूत पक्की बसलेली असते, आणि ती कुठून आली तेही दाखवलेलं असतं. त्याला काय पाहिजे हे तर सगळेच दाखवतात, कुणाला होकागे (निन्जांच्या गावाचा प्रमुख) व्हायचंय, कुणाला पायरेट किंग. पण समजूत वेगळी. ती एका वाक्यात, पात्राच्याच तोंडून लिहायची.

थॉर्फिनची: आस्केलाडला द्वंद्वात मारलं की मी खरा योद्धा. फ्रीरेनची: दहा वर्षं म्हणजे काय, पापणी लवायच्या आत जातात. ती हजार वर्षांच्या वर जगलेली एल्फ आहे, तिच्या हिशेबाने बरोबरच आहे ते. आणि हायक्यू या व्हॉलीबॉलच्या मालिकेतल्या त्सुकिशिमाची समजूत तर इतकी आपल्या ओळखीची आहे की मला त्रास झाला बघताना: जीव ओतून केलं की शेवटी पोपट होतो, म्हणून जेवढ्यास तेवढं करायचं.

ती त्याला कुठून मिळाली? त्याचा मोठा भाऊ घरी सांगत राहिला की मी टीमचा मुख्य प्लेयर आहे, हा लहानगा अभिमानाने मॅच बघायला गेला, आणि भाऊ कोर्टवर नव्हताच, प्रेक्षकांत उभा राहून ओरडत होता. दोघांची नजरानजर होते. बास, एवढंच. कुणी मेलं नाही, गाव जळलं नाही. मला विचाराल तर हा सीन निम्म्या ॲनिमेंमधल्या रक्तबंबाळ बॅकस्टोरींपेक्षा भारी आहे, कारण यातून निघालेली समजूत त्याच्या प्रत्येक कृतीत दिसते. तो उशिरा उडी मारतो, खांदे उडवतो, टीममधल्या हिनाताची टर उडवतो, सगळं तिथूनच येतं.

बॅकस्टोरी दुःखी आहे म्हणजे डेव्हलपमेंट झालं असं नसतं हे इथेच डोक्यात पक्कं करून टाका. फ्लॅशबॅकमध्ये पात्र आधी कसं होतं ते कळतं, बदल व्हायचा तो फ्लॅशबॅक संपल्यावर. बऱ्याच शोनेन, म्हणजे किशोर मुलांसाठीच्या, मालिकांमध्ये व्हिलन मरायच्या आधी पाच मिनिटांचा रडका फ्लॅशबॅक लावतात. आपल्याला त्याची दया येते हे खरं, पण तो जागचा हललेला नसतो, आपणच हललेलो असतो.

पायरी ३: ताकद बाजूला काढा

ही पायरी पटकन उरकायची. पानावर जे जे लिहिलंय त्यातून नवीन टेक्निक, नवीन रूप, केसांचा नवीन रंग, लेव्हल, रँक हे सगळं खोडायचं. मग काय उरतं बघा. काही पात्रांचं अख्खं पान कोरं होतं, आणि ते बघून वाईट वाटतं, कारण ती माझी लहानपणीची लाडकी पात्रं आहेत. नावं घेत नाही, सुट्टीत कार्टून नेटवर्कसमोर बसून आरडाओरडा केलेल्यांना कळेलच.

पायरी ४: तोच प्रसंग पुन्हा कधी आला?

या सगळ्या खटाटोपातली मुख्य पायरी ही आहे, बाकीच्या विसरलात तरी चालेल. पात्र बदललं की नाही हे भाषणातून कळत नाही. पहिल्या फोटोतला प्रसंग त्याच्या पुढ्यात पुन्हा आला पाहिजे, तीच जागा, तीच अडचण किंवा तोच प्रश्न, आणि या वेळी त्याने वेगळं केलं पाहिजे. म्हणजे प्रयोगात कसं बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलतात, तसं.

फ्रीरेनमध्ये हे इतकं हळू केलंय की पहिल्यांदा बघताना माझ्या लक्षातच नाही आलं. पहिल्याच एपिसोडमध्ये जुना सोबती हिमेलच्या अंत्यविधीला ती शेवटी रडते, की माणसं थोडंच जगतात हे माहीत होतं तरी मी याला ओळखायचा प्रयत्न का केला नाही. ठीक आहे, हे झालं रडणं, रडणं सोपं असतं. मग चौथ्या एपिसोडमध्ये समुद्रावरचा नवीन वर्षाचा सूर्योदय येतो. पूर्वी हिरो पार्टीबरोबर, म्हणजे हिमेलच्या टोळीबरोबर, असताना सगळे तो बघायला गेले होते आणि ही झोपून राहिली होती, कारण सूर्य काय रोजच उगवतो. आता हिमेल नाही, फर्न नावाची पोरगी बरोबर आहे, आणि फ्रीरेन पहाटे उठते, म्हणजे फर्नच तिला ओढत उठवते, पण जाते. आणि मजा काय माहितीये? सूर्योदय तिला आवडतच नाही! हे काय एवढं बघण्यासारखं, असंच तिला वाटतं. मग ती बाजूला बघते तर फर्न खुश झालेली असते, आणि फर्न खुश आहे म्हणून हिला बरं वाटतं. लिहिणाऱ्याला मोह झाला असता की फ्रीरेनच्या डोळ्यांत पाणी आणावं, मागे व्हायोलिन वाजवावं. त्याने तिचा स्वभाव तसाच ठेवला आणि नजर फक्त सूर्यावरून माणसावर नेली. किती हलवायचं हे ज्याला कळतं त्याला मी मानतो.

थॉर्फिनचं तर अख्खं बांधकाम यावरच उभं आहे. पहिल्या सीझनच्या सुरुवातीलाच आइसलँडमध्ये त्याचा बाप थॉर्स त्याला सांगतो की तुला कुणी शत्रू नाही, कुणालाच शत्रू नसतात, ज्याला दुखावलं तरी चालेल असा माणूस जगात नाही. सहा वर्षांचं पोरगं, हातात हत्यार घ्यायची हौस, त्याच्या डोक्यावरून जातं ते, आणि खरं सांगायचं तर आपल्याही डोक्यावरून जातं, आपण म्हणतो हां, बापाचा टिपिकल उपदेश. मग बाप मरतो आणि पोरगा पुढची ११ वर्षं त्या वाक्याच्या बरोबर उलटं जगतो. दुसऱ्या सीझनच्या शेवटाकडे राजा कनूट शेत जप्त करायला सैन्य घेऊन आलेला असतो, थॉर्फिनला त्याच्याशी नुसतं बोलायचं असतं, आणि भेट मिळवायला अट काय पडते तर राजाच्या एका धिप्पाड सैनिकाचे १०० ठोसे खायचे. तो खातो. उलटा हात उचलत नाही. तू लढत का नाहीस म्हणून विचारल्यावर, तोंड सुजून भोपळा झालेलं, म्हणतो, मला शत्रू नाहीत.

वाक्य तेच. ४० च्या वर एपिसोड मध्ये गेलेत. पहिल्यांदा बाप बोलला तेव्हा आपण जांभई दिली आणि आता घशात आवंढा येतो, शब्द एकही बदललेला नाही. पुढे कनूटशी बोलणं होतं, कनूट विचारतो की माझं नाही पटलं तर तू करशील काय, आणि आपला हिरो सांगतो, पळून जाईन. राजा हसायला लागतो. मीही हसलो होतो, आणि लगेच लक्षात आलं की पहिल्या सीझनमधला थॉर्फिन जीव गेला असता तरी हे बोलला नसता. जाता जाता एक सांगतो, पहिल्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडचं नाव आहे 'प्रस्तावनेचा शेवट'. २४ एपिसोड बघून झाल्यावर तुम्हाला सांगतात की ही फक्त प्रस्तावना होती. तेव्हा राग आला होता, आता कळतं की पहिला फोटो काढायलाच त्यांनी २४ एपिसोड घेतले.

लिहिणाऱ्यांसाठी: शेवटचा प्रसंग आधी ठरवा, मग त्याचंच छोटं, साधं रूप पहिल्या प्रकरणात ठेवून द्या. वाचकाला तेव्हा ते जाणवलं नाही पाहिजे.

पायरी ५: बदलाची किंमत कोणी भरली?

फुकटात मिळालेला बदल टिकत नाही, कथेत तर नाहीच. पानावर लिहा, बदलण्यासाठी पात्राने काय सोडलं? फुलमेटल अल्केमिस्ट ब्रदरहूड, २००९ ते २०१०, ६४ एपिसोड. एडवर्डला वाटत असतं की अल्केमी (एका वस्तूची दुसरी करायची विद्या) येते म्हणजे आपण मेलेली आईसुद्धा परत आणू शकू, त्यात त्याचा पाय जातो, भावाचं अख्खं शरीर जातं, भावाचा आत्मा चिलखतात बांधायला हातही जातो. शेवटी भावाचं शरीर परत मिळवायला तो देतो काय, तर अल्केमी करायची ताकदच देऊन टाकतो, ज्याच्या जिवावर तो कोण आहे हे सगळ्या देशाला माहीत होतं तीच गोष्ट. आणि देताना रडत नाही, दात काढून हसतो. शोनेनमध्ये हिरो शेवटी सगळ्यात ताकदवान व्हायचा रिवाज, इथे हिरो शेवटी साधा माणूस होतो आणि आपल्याला तोच विजय वाटतो.

पायरी ६: घसरला का मध्ये?

सरळ रेषेत सुधारणारं पात्र मला खोटं वाटतं. माणूस सिगारेट सोडतो तेव्हा चार वेळा तरी परत धरतो, मग खून करणारा एका स्वप्नात कसा सुधारेल? थॉर्फिनला नवव्या एपिसोडमध्ये ते भयानक स्वप्न पडतं, खाली मेलेले योद्धे न थांबता एकमेकांना कापतायत, तिथे आस्केलाड भेटतो, आणि याने ज्यांना ज्यांना मारलं ते याच्या अंगावर चढायला लागतात. तो उठतो आणि ठरवतो की आता हिंसा नाही. पण पुढे गार्डार या पळालेल्या गुलामाच्या प्रकरणात शेताचा पहारेकरी स्नेकशी त्याला हातघाईवर यावंच लागतं. शपथ घेतली आणि विषय संपला असं नाही होत, शपथ घेतली आणि त्रास सुरू झाला असं होतं.

घसरणीचा सगळ्यात जवळून बघण्यासारखा सीन मात्र फुलमेटलचाच, रॉय मस्टँग आणि एन्व्ही. मित्र ह्यूजला कोणी मारलं हे रॉयला कळतं आणि हा शांत, हुशार, देशाचा प्रमुख व्हायची स्वप्नं बघणारा माणूस एन्व्हीला भाजायला लागतो, पुन्हा पुन्हा, डोळे जाळतो, आणि आपल्याला आधी मजाच येते, कारण ह्यूज आपलाही लाडका होता. मग हळूहळू पोटात ढवळायला लागतं. शेवटी त्याच्याच पाठीमागे त्याची लेफ्टनंट हॉकआय बंदूक रोखून उभी राहते, की तू आता हे केलंस तर मी तुला गोळी घालीन, आणि मग मीही जगणार नाही. एड सांगतो, स्वतः सूडाच्या मागे फिरलेला स्कारसुद्धा सांगतो, आणि सूड म्हणजे काय हे स्कारने सांगावं यातच सगळं आलं. रॉय चुटकी वाजवतो ती बाजूला, आणि खाली बसतो. बदल इथे एकट्याच्या मनोबलाने झालेला नाहीये, तीन माणसांनी त्याला धरून ठेवलंय म्हणून झालाय, आणि त्यावरून पुढची पायरी.

पायरी ७: बाजूच्यांकडे बघा

हायक्यूमध्ये यामागुची नावाचा पोरगा आहे, त्सुकिशिमाच्या मागे मागे फिरणारा. त्यांचा एक ठरलेला जोक आहे: यामागुची काहीतरी बोलतो, हा म्हणतो गप रे यामागुची, तो म्हणतो सॉरी त्सुक्की. दर वेळी. आपण हसतो आणि सोडून देतो. मग दुसऱ्या सीझनमध्ये टोकियोच्या ट्रेनिंग कॅम्पला, रात्री, हाच यामागुची धावत येऊन त्याची कॉलर धरतो. सॉरी नाही, काही नाही, कॉलर! त्सुकिशिमा विचारत असतो की कितीही केलं तरी आपल्यापेक्षा भारी कुणीतरी असणारच, मग लोक कशाच्या जोरावर करत राहतात, आणि हा ओरडतो, स्वाभिमान सोडून अजून काय लागतं!

आता यानंतर काय होतं ते बघा, कारण इथेच साधा लेखक आणि चांगला लेखक वेगळे होतात. साधा लेखक असता तर दुसऱ्या दिवशी त्सुकिशिमा सगळ्यांच्या आधी प्रॅक्टिसला हजर. इथे तो म्हणतो, तू कधीपासून इतका भारी झालास? पण मला पटलेलं नाही. आणि पटलेलं नाही म्हणून तो जाऊन दुसऱ्या टीमच्या पोरांना विचारतो. तिथे बोकुतो सांगतो की तो एक क्षण आला की तू व्हॉलीबॉलच्या नादाला लागलास समज. तेही त्याला लगेच पटत नाही. प्रश्न घेऊन फिरत राहतो.

आणि मग २०१६ चा तिसरा सीझन, फक्त १० एपिसोड, एकच मॅच, शिराटोरिझावाविरुद्ध. चौथा एपिसोड. देशातल्या टॉपच्या हिटरमधला एक, उशिजिमा, समोर, दुसरा सेट लांबत चाललेला, आणि त्सुकिशिमा त्याचा फटका ब्लॉक करतो. आता सीन थांबवून बघा: सगळी टीम किंचाळतेय, आणि हा स्वतःचा हात बघतोय. त्याच्या मनात चाललंय की हा फक्त एक ब्लॉक आहे, २५ मधला एक पॉइंट आहे, साधा शाळेचा क्लब आहे. म्हणजे जुनी समजूत जशीच्या तशी, शब्दाला शब्द. आणि तोंड वेगळं सांगत असताना त्याची मूठ आपोआप वळते आणि तो गर्जना करतो. डोकं अजून मागेच आहे, अंग पुढे गेलंय. आणि बोकुतोने सांगितलेला क्षण हाच, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरजच उरत नाही. मी हा एपिसोड किती वेळा बघितलाय ते सांगत नाही, घरचे वाचतात.

पायरी ८: कान उघडे ठेवा

ही छोटी पायरी, पण सबटायटलवर बघणाऱ्यांच्या हातून नेहमी निसटते. जपानीत 'मी' साठीच बरेच शब्द आहेत, ओरे म्हटलं की एक माणूस डोळ्यांसमोर येतो, बोकू म्हटलं की दुसरा. नावाला सान लावणं, कुन लावणं, काहीच न लावणं, यात नातं बदलतं. इंग्लिश सबटायटलमध्ये हे बहुतेक सगळं वाहून जातं. आपल्याला मराठीत हे कळायला अवघड नाही खरंतर, कॉलेजमध्ये कुणी 'अहो' वरून 'ए' वर आलं की अख्ख्या ग्रुपला कळतंच ना. म्हणून डोळे स्क्रीनवर असले तरी हाक कशी मारली ते ऐकत जा. ओपनिंगही दर वेळी स्किप करू नका, आर्क (कथेचा एक टप्पा) बदलला की बऱ्याचदा ओपनिंग बदलतं, आणि त्यात कोण पुढे उभं आहे, कोण पाठमोरं आहे यातून बरंच कळतं.

पायरी ९: वेळ मोजा

जपानी टीव्हीवर सीझन तीन-तीन महिन्यांचे असतात, म्हणजे १२-१३ एपिसोड, एक एपिसोड धरा २४ मिनिटं, त्यात ओपनिंग-एंडिंगचे तीन मिनिटं जातात. १२ एपिसोडमध्ये आठ पात्रांचा कायापालट होणार नाही, एक-दोघांचा नीट झाला तरी पुरे. उलट लांब मालिकेत दुसरा रोग. जुन्या नारुतोचे २२० एपिसोड, त्यातला शेवटचा मोठा भाग फिलर, म्हणजे मूळ मांगात (कॉमिकमध्ये) नसलेले भरतीचे एपिसोड, आणि फिलरमध्ये पात्राला हात लावता येत नाही कारण मांगात ते पुढे जसं आहे तसंच परत द्यायचं असतं. त्यामुळे पोरं फिलरमध्ये शिकतात आणि पुढच्या आठवड्याला विसरतात.

नारुतोवरून आठवलं, साकुराचं पान माझ्या वहीत सगळ्यात खोडाखोडीचं आहे. निन्जांच्या चुनिन परीक्षेत, जंगलात, शत्रूने केस पकडलेले असतात आणि ती कुनाईने (छोट्या सुऱ्याने) स्वतःचेच केस कापून सुटते, तेच केस जे तिने सासुकेला लांब आवडतात असं ऐकून वाढवलेले. पहिला फोटो आहे, चुकीची समजूत आहे, किंमत आहे, सगळं आहे! आणि मग कथा तिला पुढे तोच प्रसंग देतच नाही, किंवा देते तेव्हा ती परत रडत सासुकेला हाक मारताना दिसते. पुढे ती मोठी वैद्य होते, ठोशाने जमीन फोडते, पण पायरी ३ आठवा. माझ्या मते यात साकुराचा दोष नाही, लोक उगाच तिला शिव्या घालतात. ॲडव्हान्स घेऊन काम न करणाऱ्या सुतारासारखं वागलेत लिहिणारे तिच्याशी.

पायरी १०: बदलतच नसेल तर?

तर त्याच्यामुळे कोण बदलतं ते बघा. वन पीसमधला लुफी पहिल्या दिवशी होता तसाच आहे, पण आर्लाँग पार्कला नामी, जिने आजवर कुणाकडे मदत मागितली नाही, ती रडत मला वाचव म्हणते आणि हा स्वतःची टोपी तिच्या डोक्यावर ठेवून चालायला लागतो. पान नामीचं करायचं, लुफी तिथे खांबासारखा उभा राहतो. आणि काही जणांना बदलायची सक्तीच करू नये, नोबिता सुधारला तर डोरेमॉनने करायचं काय.

उलटं, खाली जाणारं पात्रही मोजायचं. डेथ नोटच्या लाइटकडे एक वही असते, तिच्यात नाव लिहिलं की माणूस मरतो; मधे त्याला त्या वहीची आठवण जाते, आणि त्या काळातला लाइट खरोखर चांगला मुलगा असतो, त्याच्या प्रेमात पडलेल्या मिसाच्या भावनांचा वापर करून घ्यायलाही नकार देतो. मग वहीला हात लागतो आणि सगळं आठवतं. मला हे फार हुशारीचं वाटतं, माणूस पूर्ण सडल्यावर त्याचा पहिला फोटो पुन्हा आपल्यासमोर धरला, की बघा, हा होता तो.

आज करून बघायचं असेल तर

एकच पात्र घ्या, बघून झालेल्या मालिकेतलं, आणि एकच आर्क. पानावर चार खाने: आधी काय करायचा, डोक्यात काय होतं, तोच प्रसंग परत कधी आला, काय गेलं. तिसरा खाना भरायला त्रास होईल, तोच खरा खाना आहे, एपिसोड नंबर आठवत नसेल तर परत लावून बघा, आठवणीवर विसंबू नका, मी दोनदा तोंडावर पडलोय. फ्रीरेनचा पहिला आणि चौथा एपिसोड लागोपाठ बघणं ही सोपी सुरुवात आहे, तासाभरात होतं.

माझ्या वहीतलं एक पान मात्र अजून वादात आहे, अटॅक ऑन टायटनमधल्या गॅबीचं. तिने सगळ्यांच्या लाडक्या साशाला मारलं म्हणून मावसभावाने पानावर मोठ्या अक्षरात 'साशा' लिहून खाली दोन रेघा मारल्यात, त्याच्या मते पुढे काही लिहायचं कारणच नाही. मी तिसऱ्या खान्यात लिहिलंय: दुसऱ्या सीझनमध्ये साशाने काया नावाच्या पोरीला टायटनपासून (माणसं खाणाऱ्या राक्षसापासून) वाचवलं, शेवटच्या सीझनमध्ये गॅबीने त्याच कायाला टायटनपासून वाचवलं, आणि कायाला क्षणभर समोर साशाच दिसली. त्याने त्यावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंय. मी ते खोडलेलं नाही, पण दिवाळीला तो येतोय, एपिसोड डाउनलोड करून ठेवलाय.